ओथाच्या जागी ‘बेबी’

मी एक जुने गाणे आहे. मित्रांनो, तुम्ही मला नक्की ऐकले असेल, आणि चुकीचेच ऐकले असेल.

माझा जन्म मेम्फिसमधल्या एका इस्पितळाच्या धोबीखान्यात झाला. व्हर्नेल टब्ज तिथे चादरींना इस्त्री करायची. तिचा धाकटा भाऊ ओथा मिसिसिपी नदीत बुडाला. प्रेतसुद्धा सापडले नाही. मग इस्त्री फिरवता फिरवता ती त्याला हाका मारू लागली, जेवायला घरी बोलवावे तशा. त्या हाकांतून मी तयार झालो.

एका दुपारी रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत तिने मला एका दमात गायले. ऑर्गनवाला डोळे पुसत म्हणाला, “आता परत नको घ्यायला.” उन्हाळाभर मी शहराच्या रेडिओवर आणि गुत्त्यांतही गाजलो. चर्चमध्ये मात्र पास्टरने तिला सगळ्यांदेखत सुनावले, “देवानं दिलेला गळा गुत्त्यात नेलास ना? मग आता तिथंच गा!” तिला चर्चच्या गायकवृंदातून, कॉयरमधून, काढून टाकले. माझ्यापायी तिने हेही सोसले.

पुढे मला पाय फुटले. लंडनच्या चार पोरांनी मला दुप्पट वेगाने गायले. ओथा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी त्या नावाच्या जागी ‘बेबी’ घातले. झाले! भावाचा शोक प्रेयसीची मनधरणी होऊन बसला. मग कोणी मला नाचाला जुंपले, कोणी लग्नात वाजवले, कोणी शीतपेयाच्या जाहिरातीला लावले. चाळीस जणांनी मला गायले आणि चाळीसही जण ‘बेबी’च म्हणाले. माझे कौतुक झाले. मीही निर्लज्जासारखा मिरवलो.

व्हर्नेल ऐंशीची झाली. जुना पास्टर केव्हाच वारला होता. कॉयरने तिला पुन्हा मानाने बोलावले. त्या रविवारी कॉयरचा तरुण प्रमुख डेमेट्रियस म्हणाला, “आज आपलं ते फेमस गाणं!” व्हर्नेल उठली आणि डोळे मिटून संथपणे गाऊ लागली, “ओथा, घरी ये...”

डेमेट्रियसने हात वर करून पियानो थांबवला. “मदर टब्ज,” चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांना आदराने म्हणतात तसे तो म्हणाला, “शब्द चुकला हं. तिथं ‘बेबी’ आहे.”

मागच्या बाकावरून तिची मैत्रीण क्लिओरा कडाडली, “अरे दीडशहाण्या, गाणं तिचंच आहे!”

“हो तर! आपल्या सगळ्यांचंच आहे, मदर!” तो अगदी प्रेमाने म्हणाला. लोक “आमेन” म्हणाले आणि टाळ्यांचा ताल सुरू झाला. व्हर्नेलने इकडेतिकडे पाहिले. मग तीसुद्धा ‘बेबी’ म्हणाली.

ओथा बुडाला तेव्हा काठावर कोणी नव्हते. या वेळी सारे चर्च भरलेले होते, आणि त्याला बुडवणारा मी होतो. मला माझीच किळस आली.

मित्रांनो, माझी चाल बदला, मला हवे तसे नाचवा. पण गाण्यात कोणाचे नाव असेल, तर ते कोणाचे हे आधी विचारा. चाळीस जणांपैकी एकानेही व्हर्नेलला विचारले नाही, आणि मार्चमध्ये ती गेली.