दिव्यावरचं फूल

मी डबी बोलतेय. माझ्या खोक्यावर छापलेलं नाव बरंच लांब आहे, ऑडिओ आणि मिडी इंटरफेस. पण गडमुडशिंगीच्या ज्या घरात मी राहते तिथं ते एका दमात म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. शाहूपुरीच्या दुकानात मला साउंड कार्ड म्हणायचे. घरी आल्यावर आत्तींनी, म्हणजे घरातल्या सासूबाईंनी, मला हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "ही तर सुपारीची डबी हाय की." तेव्हापासून डबी.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कुणाला तरी कुठं आठवतं? पण अंगावर दोन कान घेऊन मी जन्मले. एक माइकचा. त्यातून माणसाचा आवाज माझ्यात येतो. दुसरा गोल, पाच भोकांचा, कीबोर्डचा. त्याला आवाज ऐकूच येत नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरानं, किती वेळ, एवढा निरोप बोटांकडून त्याला येतो आणि मी तो पुढं टॅबला सांगते. म्हणजे एका कानानं मी गळा ऐकते आणि दुसऱ्यानं बोटं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते या दोन कानांमुळेच.

त्या दुकानात, मालक सम्राटच्या पाठीमागं, मी वरच्या फळीवर होते. शेजारी माझ्याच जातीचा एक थोराड डबा होता. त्याला आठ कान आणि भिंतीत खुपसायची स्वतःची वायर. गिऱ्हाइकं आधी त्याला हात लावत, मग किंमत विचारत, मग माझ्याकडे बघत.

अनुजा आली ती सरळ माझ्याकडे बघत आली. लग्नाला तीन महिने झालेले, हातातला चुडा अजून नवा. पिशवीत कॉलेजपासूनचा टॅब. तीन आठवडे त्यावर तिनं माझ्यासारख्या वीसेक डब्या वाचून काढल्या होत्या. सोबत नवरा होता, राजवर्धन. बोलायचं काम त्याच्याकडे होतं.

"घरात किती जण गातात, पावणं?" सम्राटनं विचारलं.

"एकच. आमची आई. पर ती आठ जणांएवढी हाय."

"मग आठ कानाचा देऊ?"

"नको, तिला एकच बास हुतोय."

अनुजानं तेवढ्यात हळूच विचारलं, "माइकला करंट लागतो ना? तेवढा टॅब देईल का?"

सम्राटनं तिच्याकडे नीट पाहिलं. "न्हाय देणार, वैनी. बरं झालं इचारलंसा. लोकं घिऊन जात्यात आन् मग हितं यिऊन भांडत्यात. हा हब घ्या. ह्याला भिंतीतनं करंट मिळतोय, ह्यो हिला देतोय, ही माइकला. भिंतीतला प्लग निघाला की माइक मुका. टॅबच्या जिवावर ही निम्मीच चालंल." मग माझ्या कपाळावरचा इवलासा लाल दिवा दाखवून म्हणाला, "ह्यो लागलेला असला तर माइक जित्ता समजायचा."

खरं ते त्यानं सांगितलं. मी साक्षीला आहे.

ही खरेदी हौसेची नव्हती. आत्तींच्या, म्हणजे बनाबाईंच्या, घशात गाठ आली होती. ती स्वरयंत्राला चिकटून होती आणि पुढच्या गुरुवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ निघेल, आवाजाचं सांगता येत नाही.

गावात कुणाकडेही बारसं असलं की पाळणा म्हणायला बनाबाईच. जात-भाऊकी काही बघायच्या नाहीत, ज्या घरात पाळणा टांगला तिथं जाऊन उभ्या राहायच्या. पाळणा जुनाच म्हटला असं कधी नाही. बाळाची आत्या कोण, मामा कुठला, दारात म्हैस कुठली, सगळं गाण्यात गुंफायच्या. लिहून काही ठेवलेलं नाही. गावातल्या निम्म्या पोरांची नावं पहिल्यांदा त्यांच्याच आवाजात पुकारली गेली होती. एका बारशातलं फोनवरचं रेकॉर्डिंग होतं खरं. ते ऐकून त्या म्हणाल्या, "ह्येच्यात मी कमी आन् ताटंच जास्ती वाजाय लागल्यात." म्हणून मी.

त्यांना एकच पाळणा ठेवायचा होता, अजून न झालेल्या नातवंडाचा. "त्येच्या बारशाला माझा गळा असंल-नसंल. गाणं तरी असू दे," असं म्हणून त्यांनी सुनेकडे पाहिलं होतं. ती टॅबमध्ये डोकं घालून बसली. अनुजाचा कीबोर्ड लग्नात सामानाबरोबर आला होता आणि आत्ती सगळ्या गल्लीला सांगायच्या, "पोरगीनं पेटी आणली, त्वांड तेवढं म्हायारी इसरून आली."

रविवार ठरला. त्याआधी चार दिवस आत्ती बोलल्या नाहीत. आवाज साठवत होत्या. ज्या घरात म्हशीलासुद्धा ओरडून हाक मारत, तिथं खाणाखुणांवर कारभार चालला. राजवर्धन म्हणाला, "आता दोघी सारख्याच झालासा." आत्तींनी त्याला लाटणं दाखवलं. ते बोलण्यापेक्षा स्पष्ट होतं.

रविवारी दुपारी मधल्या खोलीत कडीला साडीची झोळी बांधली. रिकामी झोळी हलवायची नाही, हा आत्तींचा नेम. म्हणून त्यांनी वरवंटा धुतला, पुसला, त्याला टोपडं घातलं आणि बाळासारखा मान सावरून झोळीत ठेवला. बारशाला वरवंटा असतोच, पण त्याच्यासोबत बाळ असतं. इथं वरवंटाच बाळ होता. मग म्हणाल्या, "म्हणतो मी. पर एकदाच."

मी नवी वस्तू. मला हळदकुंकू लावलं आणि घरामागच्या परड्यातलं शेवंतीचं एक फूल माझ्या कपाळावर ठेवलं. आयुष्यात माझी कुणी पूजा केली ती हीच. फूल नेमकं दिव्यावर बसलं.

आधी चाचणी घेतली. आत्ती दोन शब्द बोलल्या, अनुजानं ऐकवलं. आवाज लख्ख आला होता. पण मागून फ्रीजचा घुमण्याचा आवाज येत होता, पंख्याचा येत होता, कुठल्याशा मोटारीचाही. आत्तींचा चेहरा पडला. राजवर्धन उठला. "थांबा, एक बारीक आवाज ठेवत न्हाय," म्हणत त्यानं आधी स्वतःचा फोन बंद केला आणि मग बाहेरच्या सोप्यात जाऊन घराचं मेनच पाडलं.

फ्रीज गप्प झाला. पंखा फिरत फिरत थांबला. हब मेला. माझ्या कपाळावरचा दिवा फुलाखाली विझला.

टॅब चालू होता, त्याच्यात बॅटरी. कीबोर्ड चालू होता, त्यात सेल. टॅबच्या जिवावर मीही निम्मी जिवंत होते. तो आठ कानांचा डबा असता तर ठार बंद पडला असता आणि लगेच कळलं असतं. निम्मं बंद पडणाऱ्याचं कुणाला कळत नाही.

अजून एक वाट होती. अनुजाच्या कानाला हेडफोन होते. तिला ऐकू आलं असतं की काहीच येत नाही. पण आत्ती म्हणाल्या, "कान झाकून कुणी पाळणा ऐकतंय व्हय गं?" तिनं हेडफोन काढून ठेवले. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, दोन पट्ट्या दाबून पाहिल्या, टॅबवर रेघा सरकू लागल्या. त्या माझ्या दुसऱ्या कानाच्या होत्या. तिनं त्या पाहिल्या आणि बोटं पट्ट्यांवर ठेवली.

आणि आत्ती गायल्या. चार दिवस साठवलेलं सगळं. असं मी म्हणते, पण ते मी ऐकलेलं नाही. मला फक्त अनुजाची बोटं कळत होती. ती ठेक्यात नव्हती चालत, ती आत्तींच्या पाठीमागून चालत होती. मध्येच थबकायची, हलकी व्हायची, एकदा तर सगळी पट्ट्यांवरून उचलली गेली आणि कितीतरी वेळ आलीच नाहीत. त्या वेळी आत्ती काय म्हणत होत्या? मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

मेन पुन्हा चढवलं. आत्तींचा घसा बसला होता, तरी चेहरा उजळला होता. "लाव की."

पेटी वाजली. छान वाजली. पहिलं कडवं होऊन गेलं. आत्ती मान पुढं काढून ऐकत राहिल्या, मग बसक्या आवाजात म्हणाल्या, "आन् मी कुठाय?"

अनुजानं दोनदा, तीनदा लावून पाहिलं. मग तिचं लक्ष हबच्या वायरीवर गेलं आणि तिनं माझ्यावरचं फूल उचललं. खाली दिवा आता लागलेला होता, शहाण्यासारखा.

"मीच मेन पाडलं," राजवर्धन म्हणाला.

"मला दुकानात सांगितलं होतं. मी हेडफोन काढायला नको होते," अनुजा म्हणाली. त्या घरात इतकं मोठ्यानं ती पहिल्यांदाच बोलली.

"मीच काढ म्हटलो की." आत्तींनी फुलाकडे पाहिलं. "फूल बी मीच ठेवलं."

सगळ्यांनी चूक आपापल्या पदरात घेतली. जिला त्या वेळीच ठाऊक होतं ती मी, मला तोंड नाही.

"आई, उद्या परत म्हणूया," राजवर्धन म्हणाला.

आत्ती झोळीपाशी गेल्या. वरवंट्याचं टोपडं काढून घडी घातली. "एका लेकराचं दोनदा बारसं करत न्हाईत, बाळा." आणि म्हणायचं ठरवलं असतं तरी घशात तेवढं उरलं नव्हतं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ गेली. आवाजही गेला, उरली ती कुजबूज, तीही जवळ कान नेला तर. म्हैस आता त्यांच्याकडे बघतच नाही.

मला खोक्यात भरून कपाटावर टाकलं गेलं. ते योग्यच होतं. महिनाभर मी अंधारात त्या बोटांचं थांबणं आठवत पडून होते.

एका दुपारी खोकं उघडलं ते आत्तींनी. राजवर्धन कामावर होता. त्यांनी खुणेनं अनुजाला सांगितलं, लाव. पुन्हा तीच पेटी वाजली. जिथं बोटं पहिल्यांदा थबकली तिथं आत्तींनी तिचा हात धरला आणि कुजबुजल्या, "हितं मी दम घेतलेलो." पुढं, "हितं तुझ्या म्हायारचं नाव घेतलं." आणि जिथं बोटं उचललेलीच राहिली होती तिथं त्यांनी तिचा हात सोडला. अनुजाच म्हणाली, "इथं तुम्ही वरवंट्याकडे बघून हसला होता, आत्ती. मी वाजवायचंच विसरले."

त्या दिवसापासून वही झाली. आत्ती कुजबुजतात, अनुजा लिहिते. मग बोटांचं रेकॉर्डिंग लावते आणि त्यावर म्हणते. तिचा गळा बारीक आहे, वरच्या सुरात चिरकतो. चुकलं की आत्ती लाटण्यानं पाटावर ठोकतात. राजवर्धन घरी असला तर सोप्यात मेनच्या खाली खुर्ची टाकून राखणीला बसतो. फ्रीज घुमत असतो; घुमू देतात.

परवा एक गंमत पाहिली. अनुजा म्हणत होती आणि हेडफोन आत्तींच्या कानावर होते. दोन्ही हातांनी दाबून धरलेले, डोळे मिटलेले. ते कडवं त्यांनी मला तीनदा ऐकवायला लावलं.

त्यांचा स्वतःचा आवाज माझ्यात नाही. तो एकदाच माझ्यासमोरून गेला आणि मी बहिरी होते. एवढं मी उरलेल्या आयुष्यात विसरणार नाही, आणि कुणी मला विसरायला सांगू नये.

तुम्हीही कधी माझ्यासारखीला घ्यायला दुकानात जाल. कान किती ते मोजत बसू नका. तुमचाच टॅब, तुमचाच माइक लावून बघा, आणि करंट कुठून येतो ते अनुजासारखं हळू आवाजात का होईना, विचारा. मग उत्तर घरापर्यंत आठवणीत ठेवा. आणि ज्याचा आवाज ठेवायचा, त्याचा ऑपरेशनच्या चार दिवस आधी ठेवायला जाऊ नका. तो ओरडतोय, टोमणे मारतोय, तेव्हाच ठेवा.

घरी नेल्यावर हळदकुंकू जरूर लावा. मला आवडतं. फूल तेवढं जरा बाजूला वाहा.