शेपटाने बोलायचं नाही

आमचे हे निवृत्त झाले आणि माझ्या डोक्यावर साहेब आला. तशी मी लग्नाआधीपासून शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन आहे, बाजूला कपाट, कपाटाच्या आरशापुढे गिऱ्हाईक उभं राहतं. इतकी वर्षं तिथे माझंच राज्य होतं. ह्यांनी जन्म काढला रस्त्यांच्या खात्यात, मुकादम म्हणून. खडी, डांबर, रोलर आणि हाताखाली माणसांची टोळी. आता रस्ते गेले, टोळी गेली, उरले मी.

पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या चमच्यांची जागा बदलली. मग माझी कात्री नेहमी मशीनच्या उजवीकडेच असावी म्हणून टेबलावर पट्टी चिकटवून झाली. मी डावरी आहे. हे त्यांना संसाराला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

तेही चाललं असतं, पण एकदा मी एका बाईंच्या कमरेचं माप घेत होते आणि आतून आवाज आला, "अगं, बाजूला जागा सोड हं! पुढे रुंदीकरण होतं!" त्या बाई आजतागायत परत आलेल्या नाहीत.

"रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी," मी लेकीला फोनवर म्हटलं. "इथे कूड म्हणजे मी."

"आई, बाबांना काहीतरी उद्योग लाव," लेक हसत म्हणाली. सासरी बसून हसायला काय जातंय!

उद्योग चालत आला तो फाटक्या पँटमधून. आमच्या गल्लीच्या टोकाला दातांचा दवाखाना आहे. तिथली डॉक्टरीणबाई दर महिन्याला एकच पँट घेऊन यायची आणि दर महिन्याला ती आसनाखालीच उसवलेली असायची. शेवटी मी विचारलंच, "अगं बाई, तू दात बसून काढतेस की घसरून?"

तेव्हा कळलं की ती रविवारी सकाळी गावामागच्या टेकडीवर सायकल चालवते. रस्त्यावर नाही, दगडधोंड्यांतून. त्यांचा क्लब होता. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, पोस्टातला एक कारकून, शाळेतल्या दोन बाई, असे सगळे. मी सुई खाली ठेवली.

"आमच्या ह्यांना ने."

"काकांना सायकल येते?"

"येत होती. नसेल तर येईल. तू ने."

क्लबाकडे एक जास्तीची सायकल होती, जाड टायरांची. पहिल्या रविवारी हे परत आले ते कोपर सोलून, कानात माती घेऊन. मला वाटलं, संपलं. पण जेवायला बसले आणि मिठाबद्दल एक अक्षर न बोलता जेवले! मी पदराआड हसून घेतलं.

त्या क्लबाच्या रीती मात्र अजब होत्या. जो पहिला पडेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना चहा आणायचा. सुरुवातीला दर खेपेला चहा आमच्याच घरून गेला आणि मी तो आनंदाने करून दिला. दुसरी रीत शेपटाची. दर रविवारी एकाने सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्याही मागे राहायचं, म्हणजे कोणी एकटं पडत नाही. त्याला शेपूट म्हणायचे. पाळीपाळीने सगळे शेपूट होत.

"आणि शेपटाने बोलायचं नाही," हे मला तक्रारीच्या सुरात सांगत होते. "पुढचा चुकतोय हे दिसतंय, तरी गप्प बसायचं. मागून ओरडलं की माणूस पडतो म्हणे. फक्त मागे असायचं. हा काय नियम झाला?"

"फार चांगला नियम आहे," मी म्हटलं. "लिहून भिंतीवर लावते."

हळूहळू त्यांचं पडणं कमी झालं. क्लबात सगळे त्यांना मुकादम म्हणू लागले आणि त्यांची मान ताठ झाली. घरी मला कात्री हवी तिथे ठेवता येऊ लागली. फक्त एक गोष्ट त्यांना सलत होती. "एवढी शिकलीसवरलेली माणसं," ते म्हणायचे, "पण त्या वाटेची काय दशा! उचकीवर तर चालवण्यासारखं काही उरलेलंच नाही." उचकी म्हणजे टेकडीवरचा एक तुकडा. तिथे खाली-वर, खाली-वर असे उंचवटे होते. मी मशीन चालवता चालवता हूं हूं केलं. तिथेच लक्ष द्यायला हवं होतं.

मग शेजारच्या गावचा क्लब पाहुणा म्हणून येणार असं ठरलं. त्या आठवड्यात हे रोज सकाळी फावडं, घमेलं आणि माती चोपायचं धुम्मस घेऊन बाहेर पडायचे. जुन्या टोळीतले दोन निवृत्त गडीही सोबत. विचारलं तर म्हणायचे, "कळेल रविवारी. ह्या लोकांनी मला आपलं म्हटलं, माझ्याकडूनही काहीतरी नको का?" त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मीही रविवारी चहाचा मोठा थर्मास घेऊन टेकडी चढले. नवऱ्याचं कौतुक होणार आणि मी घरी बसून काजं करू?

पाहुणे आले. डॉक्टरीणबाई पुढे, बाकीचे मागे. पाहुण्यांना आमची उचकी दाखवायची म्हणून ती ऐटीत वळणावरून वळली आणि करकचून ब्रेक लावून थांबली.

समोर सुरेख, सपाट वाट होती. मधे किंचित उंच, दोन्हीकडे पाण्याला उतार, कडेने चर, आणि चराच्या काठाला चुना लावलेले दगड ओळीने मांडलेले. एखाद्या मंत्र्याची गाडी जावी अशी वाट.

"उचकी कुठे गेली?" बेकरीवाला म्हणाला.

"बुजवली," हे छाती पुढे काढून म्हणाले. "एकही खड्डा दिसला तर नाव बदलीन!"

पाहुण्यांपैकी एकाला हसू आवरेना, म्हणून तो खाली वाकून उगाच चाक तपासू लागला. मग बेकरीवाल्याने तोंड उघडलं. "मुकादम, ते खड्डे नव्हते हो. ते आम्ही खणले होते. तीन उन्हाळे घाम गाळून. उडी नीट बसावी म्हणून एकेक उंचवटा मोजून घातला होता. आणि तुम्ही... अहो, निदान विचारायचं तरी!"

ह्यांचा चेहरा मी पाहिला. आधी काही कळलंच नाही त्यांना. मग कळलं. त्यांनी हेल्मेट काढलं, आतली पट्टी नीट दुमडली आणि डॉक्टरीणबाईच्या हातात दिलं. "चूक झाली," म्हणाले. "मला आपलं एकच काम येतं. मी येतो."

खरं सांगते, आधी मला काळजी वाटली ती माझीच. आले परत हे चमच्यांपाशी! पण ते सायकल हातात धरून उतरू लागले आणि त्यांची ती पाठ पाहून मला रडूच आलं. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून घरी आले होते ना, तेव्हाही पाठ अशीच होती.

आणि मला रडू आलं की पाठोपाठ राग येतो. "बुजवली तर बुजवली!" मी बेकरीवाल्यावर ओरडले. "उकरा परत! ज्याने बुजवली त्याच्याकडूनच उकरून घ्या. ह्यांना कोणी सांगितलं होतं, की तुम्ही खड्ड्यांवर प्रेम करता? जगात कोण करतं?"

आता पाहुणे उघडच हसले. डॉक्टरीणबाई मात्र हसली नाही. रुग्णाला "आ करा" म्हणावं तशा सुरात तिने हाक मारली, "मुकादम, थांबा. क्लबाचा नियम आहे. जो वाट मोडतो, त्यानेच ती बांधायची. आणि बांधून होईपर्यंत क्लब सोडता येत नाही."

"असा नियम कधी के..." बेकरीवाला म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची दाढ तिच्याच हातात होती, अर्धवट भरलेली. "हो हो, आहे," तो म्हणाला. "जुना नियम आहे."

हे वळले. "किती खोल पाहिजेत?" त्यांनी विचारलं, आणि खिशातून टेप काढला.

पुढचे कित्येक रविवार टेकडीवर खणणं चाललं. सगळेच खणत होते. बेकरीवाला तर गरम पाव घेऊन यायचा आणि ह्यांच्याशी उताराच्या कोनावरून भांडायचा. उचकी अशी झाली की पाहुण्यांचा क्लब मुद्दाम परत आला. हे घरी येऊन सांगत, "जन्मभर खड्ड्यांपायी शिव्या खाल्ल्या, आता शाबासकी खातोय."

माझं घर मात्र आता जरा जास्तच शांत झालं होतं. रविवारी मशीनचा आवाज भिंतींवर आपटायचा. ज्याच्यासाठी एवढी धडपड केली ती शांतता मिळाली, आणि मी खिडकीतून टेकडीकडे बघत बसायचे. हे मी कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकालासुद्धा नाही.

एका शनिवारी डॉक्टरीणबाई पँट घेऊन आली. ती फाटलेली नव्हती. नवी होती, आणि माझ्या मापाची. "काकू, उद्या यायचं," ती म्हणाली. "उचकीच्या बाजूने एक सपाट पट्टी ठेवलीय. मुकादमांनी सगळं परत खणलं, पण तेवढी खणू दिली नाही. म्हणाले, आमच्या घरी एक नवशिकी आहे."

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे कोणीतरी फार मन लावून वर्तमानपत्र वाचत होतं. उलटं.

दुसऱ्या दिवशी मी क्लबाच्या त्या जास्तीच्या सायकलवर बसले; ह्यांनी एव्हाना स्वतःची घेतली होती. शाळेत असताना चालवली होती तेवढीच, म्हणून हँडल घट्ट धरलं. बाकीचे पुढे गेले. शेपूट व्हायची पाळी ह्यांची होती. म्हटलं, झालं! आता मागून सुरू होणार. हँडल सरळ धर, उतार बघ, डावीकडे जागा सोड.

मी निघाले. चराकडे गेले, सावरले. पुन्हा चराकडे गेले, चुन्याच्या एका दगडाला चाक घासलं आणि मी कशीबशी पाय टेकून उभी राहिले. मागे ब्रेक वाजला. शब्द नाही. मी पुन्हा पाय मारला. वाट खरंच छान होती, कुठे हिसका नाही की धक्का नाही. मागून फक्त चाकाखालच्या खडीचा आवाज येत होता, माझ्याच वेगाने.

वळणावर मलाच राहवेना. "अहो," मी मान न वळवता विचारलं, "आहात ना?"

"आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा गप्प झाले.