आपला माणूस होडीत बसतो

"हा म्हातारा चोर आहे," दातमावशी म्हणाली. "त्याच्याशी बोलायचं, पण त्याने दिलेलं काही घ्यायचं नाही."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर विहिरीच्या काठाला एक मिशाळ म्हातारा उभा होता, हातात जाडजूड कोट घेऊन. चोर कशावरून, असं मी विचारलं. मावशी म्हणाली, काका म्हणायचे. काकांना कसं कळलं? तर त्याच्या मिशीवरून. मी हसले तशी तीही हसली, पण म्हाताऱ्याचा कोट काही तिने घेतला नाही. आमचा टोपीवाला माणूस रिकाम्या हातांनी विहिरीवरून पुढे निघाला, पावलापावलाला जरासा अडखळत, जुन्या खेळांतली माणसं चालतात तसा.

आई-बाबा कामासाठी परगावी गेले होते, माझी शाळेची परीक्षा संपली होती, म्हणून मी मावशीकडे राहायला आले होते. मावशी कवळ्या बनवते. कुणाचे चार दात, कुणाचे सगळेच. आम्ही भाचरं लहानपणापासून तिला दातमावशी म्हणतो आणि तिला ते आवडतं. माझं तोंड दिवसभर चालू असतं म्हणून ती मला भोंगा म्हणते. ते मला तितकंसं आवडत नाही, पण चालतं.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. एका ऑफिसने टाकायला काढलेला कॉम्प्युटर त्यांनी खांद्यावरून घरी आणला होता, आणि मग जुन्या सीड्यांच्या गाड्यावरून हा एक खेळ. मुखपृष्ठ नाही, पुस्तिका नाही, नुसती सीडी, कागदाच्या पाकिटात. खेळातली भाषा अशी की अक्षरांच्या डोक्यावर टिंबं, शेपट्या, टोप्या. दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चित्रं इतकी सुंदर होती की त्यांनी खेळ सोडला नाही. त्यापेक्षा गोष्ट स्वतःच रचली. टोपीवाला म्हणजे 'आपला माणूस'. तो भावाला शोधायला निघालाय, असं काकांचं मत. घरच्यांना कंटाळून पळालाय, असं मावशीचं. यावरून त्यांची रीतसर भांडणं व्हायची. एकदा म्हणे काका त्यापायी रुसून जेवलेही नव्हते.

मला नवल या गोष्टीचं वाटायचं की हा खेळ तुम्हाला काहीच सांगत नाही. माझ्या फोनवरच्या खेळांत दर दोन मिनिटांनी बाण येतो, इकडे जा, हे दाब, शाब्बास, हे घे बक्षीस. इथे शाब्बास म्हणायला कुणी नाही. दार दिसतं, ते उघडत नाही, आणि का उघडत नाही ते तुमचं तुम्ही बघा. मध्येच सीडी घरघरते, पडदा काळा होतो, तुम्ही वाट बघता. वाट बघणं हासुद्धा खेळाचाच भाग आहे, हे मला आधी पटलं नव्हतं. मग दोन-तीन रविवार मावशीशेजारी बसल्यावर मीच तिला म्हणायला लागले, अगं थांब, घाई करू नकोस, त्याला पोचू दे.

आणि मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. फोनचा कॅमेरा कुठल्याही अक्षरांवर धरला की खाली त्याचं मराठी येतं. इतकी वर्षं हे लोक काय बोलत होते, ते आपल्याला एका मिनिटात कळू शकतं. मावशीला सांगितलं तर तिने आधी नाक मुरडलं. मग म्हणाली, बघ तर बघ, त्या चोरापासून सुरुवात कर.

आम्ही परत विहिरीपाशी आलो. मी फोन धरला. म्हातारा म्हणत होता, 'तुझ्या वडिलांचा कोट मी सांभाळून ठेवला आहे. पुलावर थंडी असते. घालून जा.'

मावशीने तोंडावर हात ठेवला. "अगंबाई. आणि आम्ही त्या बिचाऱ्याला इतकी वर्षं चोर ठरवलं."

"म्हणून तो पुलावर थरथरतो," मी म्हणाले.

"हे म्हणायचे, उंचीला घाबरतो. लिफ्टवाल्याला सगळीकडे उंचीच दिसायची."

मग आम्हाला चेवच चढला. खिडकीतून ओरडणाऱ्या बाईला त्यांनी भांडकुदळ म्हणून नाव ठेवलं होतं. ती रस्ता सांगत होती. तो रस्ता शोधण्यात या दोघांनी एक अख्खा हिवाळा घालवला होता. कंदीलवाला पोलीस नव्हता, हिरोचा वर्गमित्र होता आणि 'ओळखलंस का' म्हणून दर वेळी विचारत होता. आपला माणूस दर वेळी तोंड फिरवून पुढे जायचा. मावशी हसून हसून लाल झाली. मध्येच डोळे पुसत म्हणाली, हे असते तर आत्ता माझ्याशी भांडायला लागले असते, की तो तुझा फोनच खोटं बोलतोय.

असं करत करत आम्ही शेवटाला पोचलो. म्हणजे धक्क्यावर. संध्याकाळचं पाणी, एक होडी, तीत आपला माणूस पाठमोरा बसलेला, आणि चित्राखाली एक ओळ. कुठलीही कळ दाबली की तीच ओळ पुन्हा. काका म्हणायचे, खेळवाले म्हणतायत, अहो संपलं म्हटलं ना, जा आता घरी.

या चित्राबद्दल मला माहीत होतं. मागच्या वर्षी काका गेले, त्यानंतर कधीतरी कपड्यांना इस्त्री करता करता मावशीने सांगितलं होतं. शेवटी शेवटी दवाखान्यात त्यांना फार बोलवत नव्हतं. एका दुपारी तिचा हात धरून म्हणाले, आलो गं धक्क्यावर. "मग मी फार आकांत केला नाही," मावशी म्हणाली होती. "पुढे काही नसतं, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. होडी असते, पाणी असतं, बस."

मी फोन त्या ओळीवर धरला.

'दुसरी तबकडी आत घाला आणि कोणतीही कळ दाबा.'

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि माझा भोंगा बंद पडला. क्षणभर वाटलं, 'समाप्त' असं लिहिलंय म्हणून सांगून टाकावं. सोपं होतं. पण मावशी माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या चेहऱ्यावरचं तिला दातांच्या साच्यासारखं सगळं दिसतं. तरी मी म्हणाले की नेट गेलंय. तिने हात पुढे केला. फोन घेतला, चष्मा वर केला, वाचलं. चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं.

"तबकडी म्हणजे?"

"सीडी," मी म्हणाले. "मावशी, हा खेळ अर्धाच आहे. पुढचा दुसऱ्या सीडीवर असणार."

तिने कॉम्प्युटर नेहमीच्या पद्धतीने बंद केला. आधी खेळ, मग मशीन, मग भिंतीवरचं बटण, मग वर कापडी झाकण. मग आत गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासली. त्या दिवशी जेवताना ती मला 'वाढू का' एवढंच म्हणाली.

आता दुसरी कुणी शहाणी मुलगी असती तर गप्प बसली असती. मला ते जमत नाही. जुने खेळ जपून ठेवणाऱ्या लोकांची एक साइट असते हे मला शोधल्यावर कळलं. जगभरची माणसं तिथे बसून, कोणत्या खेळातलं कोणतं दार कसं उघडतं यावर तासन्‌तास वाद घालतात. त्यांत बरेच काकांसारखे असावेत. मी आमच्या खेळातल्या चित्रांचं वर्णन लिहिलं, विहीर, कोट, पूल. तासाभरात तिघांनी खेळ ओळखला आणि एकाने दुसऱ्या सीडीची प्रत पाठवली. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने ती कोऱ्या सीडीवर उतरवून दिली. सीडी कुणाला लागते आजकाल, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या मावशीला. तो म्हणाला, त्यांना सांग, जुना मॉनिटर असेल तर कुणाला देऊ नका, आता तसा मिळत नाही.

तशीच पळत मावशीच्या कामाच्या ठिकाणी गेले. लांबट खोली, खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने वासून बसलेले. मावशी एका गुलाबी मेणाच्या हिरडीत दात बसवत होती. एकेक दात चिमट्याने उचलायचा, मेण तापवायचं, बसवायचं, लांब धरून बघायचं. मी सीडी पुढे केली आणि धाप लागलेली असतानाच सगळं सांगून टाकलं.

तिने वर बघितलं नाही. "तुला कुणी सांगितलं होतं आणायला?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"तेच म्हणते मी. कुणी सांगितलं नसताना आणायचं. मग ते तुझ्या टेबलावर नाही, माझ्या टेबलावर येऊन पडतं." तिने एक दात बसवला, काढला, पुन्हा बसवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे धक्क्यावर थांबलेत गं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं होतं ते. आता मी काय करू, त्यांना तिथे सोडून एकटी पुढे जाऊ?"

मी प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत उभी राहिले. मग बोलायला काहीतरी हवं म्हणून, समोरचा एक दात वाकडा का बसवलाय, असं विचारलं.

ती म्हणाली, त्या आजोबांचा मूळचा तसाच होता. सरळ बसवला असता तर दिसले चांगले असते, पण घरच्यांना परके वाटले असते. त्यांच्या बायकोनेच सांगून ठेवलंय, वाकडाच ठेवा. हे सांगताना तिचा हात थांबला. मग तिने विचारलं की दुसरा भाग केवढा आहे. मी म्हटलं, साइटवरचे लोक म्हणतात, पहिल्याएवढाच.

"म्हणजे अर्धाच झाला होता."

"अर्धाच."

"आणि आम्ही त्यावर किती भांडलो." ती नाकातून हसली. "त्या पाकिटावर पेनाने १ लिहिलेलं होतं, भोंगा. मी विचारलं होतं ह्यांना, हे काय. तर म्हणाले, एक नंबर खेळ आहे म्हणून लिहिलंय." मग तिला खरंच हसू फुटलं, इतकं की तिला चिमटा खाली ठेवावा लागला. पलीकडच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या. हसता हसता तिने सीडी घेतली, एप्रनच्या खिशात टाकली आणि मला घरी हाकललं.

रविवारी दुपारी तिने कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं. मला बोलावलं नव्हतं, पण शेजारची खुर्ची ओढून ठेवली होती. आम्ही होडीपर्यंत आलो. या वेळी तिने म्हाताऱ्याचा कोट घेतला होता, त्यामुळे होडीत पाठमोरा बसलेला आपला माणूस जरा जाड दिसत होता. तिने पहिली सीडी काढली, पदराने पुसली, पाकिटात ठेवली. दुसरी आत सरकवली. मशीन घरघरू लागलं. कळ तू दाब, असं ती मला म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने कळेवर बोट ठेवलं, पण दाबली नाही. मी पडद्याकडे बघत राहिले. मग टक असा बारीकसा आवाज आला.

होडी हलली.

पाण्यावरचा उजेड हलला, धक्का मागे गेला, आणि मी एखाद्या मोठ्या समुद्राची वाट बघत होते तोवर समोर काठ आला. इतका जवळ. तिथेही घरं होती, वाळत घातलेले कपडे होते, माशांच्या टोपल्या होत्या. "एवढंच अंतर होतं?" मावशी म्हणाली. आपला माणूस होडीतून उतरला. टोपल्यांपाशी बसलेल्या बाईने मान वर करून त्याला काहीतरी सांगितलं, आणि चित्राखाली एक लांबलचक ओळ उमटली. अक्षरांच्या डोक्यावर टिंबं, शेपट्या, टोप्या.

फोन माझ्या हातातच होता. मी मावशीकडे बघितलं.

"थांब जरा," ती म्हणाली, आणि माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

आम्ही काहीच केलं नाही. ओळ तशीच राहिली. थोड्या वेळाने आपल्या माणसाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग त्याने असं काही केलं जे मावशीने इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. तो काठावरच्या एका दगडावर बसला, एका पायातला बूट काढला, उलटा केला आणि झटकला. त्यातून बारीकसा खडा पडला. बूट बाजूला ठेवून तो पाण्याकडे बघत बसला.

"मावशी, पुढे नेऊ या का त्याला?"

"बसू दे," दातमावशी म्हणाली. "लांबून आलाय."