कापश्याची खांदेमळणी

पितांबरनानांनी चैत्रात बैल विकले आणि घरी येऊन तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. भाड्याचा ट्रॅक्टर दोन तासांत वावर नांगरून जातो, चाऱ्याचा कुटाणा नाही, गुडघे आता साथ देत नाहीत, हे सगळं खरं. विकायचा निर्णयही त्यांचाच. पण निर्णय आणि मन एका दावणीला बांधता येत नाहीत. पोळा जवळ आला तसे नाना चिडचिडे झाले. चहा गोड झाला म्हणून चिडायचे, अगोड झाला म्हणून चिडायचे. बेबाबाईंनी चाळीस वर्षांच्या संसारात हा नवरा असा पुष्कळदा पाहिला होता. ‘जाईल राग, जातो कुठं’ असं म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्या पुरणासाठी डाळ निवडत बसल्या होत्या. धरणगावच्या बाजूचं ते लहानसं गाव, आणि गल्लीभर लोक बैलांच्या शिंगांना रंग देत होते. शिंगांचा रंग आदल्या दिवशीच द्यायचा, म्हणजे सकाळपर्यंत सुकतो. नानांना ओट्यावर बसवेना. ते मागच्या गोठ्यात गेले. रिकाम्या दावणीशेजारी गेल्या वर्षीचा लाल ऑइल पेंटचा अर्धा डबा होता आणि त्यात कडक झालेला ब्रश. आणि दावणीत, बादल बैल बसायचा नेमका त्याच जागी, कापश्या झोपला होता.

कापश्या म्हणजे नानांचं कुत्रं. पांढरंशुभ्र, वेचणीला आलेल्या कापसासारखं, म्हणून हे नाव. आठ वर्षं त्यानं वावर राखलं होतं. रानडुकरं हाकलली, मोटारीची वायर चोरायला आलेल्यांना बांधावरून पळवलं, आणि मोबदल्यात शिळ्या भाकरीपलीकडे कधी काही मागितलं नाही.

“बैल नहीत ते काय व्हयनं?” नाना त्याला म्हणाले. “तूच मन्हा बैल. तुले कोणी पोया करं नही आजलोंग.”

आणि त्यांनी ब्रश घोळवला. कुत्र्याला शिंगं नसतात, म्हणून चारही पाय घोट्यापर्यंत लाल केले, पाठीवर पाच-सहा ठिपके दिले. कापश्या शेपूट हलवत उभा राहिला. नाना दोन पावलं मागे सरून बघत होते. चैत्रानंतर पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

हे सुख पाव तास टिकलं. कापश्यानं अंग चाटायला सुरुवात केली. आधी पुढचा उजवा पंजा, मग बोटांच्या मधे. जीभ लाल झाली, तोंडातून लाळेची तार लागली, तो कसनुसं तोंड करून खाकरू लागला. बैल शिंग चाटत नाही. चाळीस वर्षं शिंगं रंगवलेल्या माणसाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. नाना त्याचं तोंड पंजापासून ओढू लागले.

शेजारचा नवल आपल्या बैलांच्या रंगानं माखलेले हात पुसत पुसत कुंपणाशी आला. “नाना, पेट्रोल लावा,” तो म्हणाला. “हातना रंग पेट्रोलघाईच निंघस.” आणि गाडीतून बाटलीभर काढूनही दिलं. गावात सगळे तसंच करतात. नानांनी फडकं भिजवून पुढच्या डाव्या पंजावर घासलं. कापश्या असा केकाटला की बेबाबाई डाळीचं ताट सांडून धावत आल्या.

“ठेवा तो फडका खाले!” त्यांनी फडकं हिसकावलं. “हाई चाटी ते मरी जाई तो! आनि रंग काब लाया? कुत्राले काय शिंगे शेतस का?”

कापश्याचं डोकं दोन्ही हातांत धरून नाना खाली बसले. चाटू द्यायचं नाही एवढंच त्यांना कळत होतं. “मारी टाकं का व मी त्याले?” ते म्हणाले. बैल विकले ते कसायाला नाहीत, चांगल्या घरी दिले, असं स्वतःला बजावत त्यांनी पाच महिने काढले होते. आता हा एक उरला होता, तोही आपल्याच हातानं गेला तर कोणत्या तोंडानं दावणीकडे बघायचं?

बेबाबाईंनी नानांच्या खिशातून फोन काढला. त्यात ‘बैलना डाक्टर’ या नावानं धरणगावच्या डॉक्टर मोहिनीताईंचा नंबर होता. पलीकडून पहिला प्रश्न आला, “बादल कसा आहे?” बेबाबाईंनी सांगितलं की बादल नाही, कुत्रं आहे, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“किती चाटलं असेल?” 

“एक पंजा.”

“उलटी? झटके? चालताना झोकांड्या?”

“नही. लाय गळस नुसती.”

“मग घाबरू नका, पण हात चालवा,” डॉक्टर म्हणाल्या. “पेट्रोल लावलेला पंजा आधी भांड्यांच्या पातळ साबणानं धुवा, भरपूर पाण्यानं. पेट्रोल, थिनर, रॉकेल पुन्हा जवळही आणू नका, कातडी जळते आणि पोटात गेलं तर रंगाहून वाईट. मग खायचं तेल घ्या, शेंगदाण्याचं चालेल. रंगावर चोळा, मुरू द्या, पुसा, पुन्हा चोळा. शेवटी कोमट पाणी आणि साबण. बोटांच्या बेचक्या विसरू नका. जिथं सुकलाय तिथले केस कात्रीनं कापा, कातडी ओढू नका. चाटू देऊ नका. उलटी करवायला जाऊ नका. पाणी पिऊ द्या. उलट्या लागल्या किंवा मलूल पडला तर वाट न बघता गाडीत घालून आणा.”

नवल बिचारा ओशाळला होता. त्यानं आपल्या न्हाणीतली लहान बादली आणली, तिचं बूड कापलं, कडा फडक्यानं गुंडाळल्या आणि चाटता येऊ नये म्हणून ती कापश्याच्या गळ्यात अडकवली. बादलीतून बाहेर आलेलं कापश्याचं तोंड इतकं अपमानित दिसत होतं की बेबाबाईंना अशा वेळीही हसू फुटलं.

मग नाना तेल घेऊन बसले. पेट्रोलचा पंजा तीनदा धुतला होता. आता एकेक बोट वेगळं करायचं, वाटीत बुडवलेली आपली बोटं बेचक्यांत फिरवायची, लाल झालेलं तेल चिंधीनं टिपायचं. पहिली चिंधी लाल, दुसरी लाल, पाचवी गुलाबी. कापश्या आधी पाय ओढत होता, मग ओढायचा थांबला. नानांच्या हाताला ती चाल ओळखीची होती. अंगठा आधी गोल, मग खालच्या बाजूला, जोर नाही, घाई नाही. पाठीवरचे ठिपके चोळायला हात खांद्यांवर गेले आणि ते थबकले.

बाहेर गल्लीत ऊन उतरलं होतं. घरोघर बैलांच्या खांद्यांना तेल-हळद चोळत होते. जू ओढून घट्टे पडलेले खांदे वर्षातून या एका संध्याकाळी मळून द्यायचे, आणि कानात उद्याचं आमंत्रण द्यायचं. नाना गेली चाळीस वर्षं हेच करत होते. यंदा करायचं नाही म्हणून तर सकाळपासून जीव कासावीस होत होता.

बेबाबाईंनी ते पाहिलं. त्या आत गेल्या आणि तेलाची दुसरी वाटी आणून ठेवली.

नानांनी दोन्ही खांदे मळले. मग बादलीत तोंड घालून, कारण कान बादलीच्या आत होते, ते हळूच म्हणाले, “आज आवतन ल्या, सकाय जेवाले या.”

पण त्या संध्याकाळी कापश्या जेवला नाही. भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. डॉक्टरांचा फोन पुन्हा आला. उलटी नाही ना, पाणी पितो ना, मग पोट शांत होऊ द्या, सकाळी बघू. नानांनी दावणीतच अंथरूण टाकलं. बेबाबाईंनी ‘गुडघे धरतील’ एवढंच म्हटलं आणि घोंगडी आणून दिली.

सकाळी नानांना जाग आली ती आवाजानं. बादली दाराच्या चौकटीला धडकत होती. कापश्या बाहेर पडायला बघत होता, अडकत होता, चिडून भुंकत होता. अंगणातल्या चुलीवर पुरण शिजत होतं आणि त्याला तिकडे जायचं होतं. नानांच्या जिवात जीव आला.

पोळ्या झाल्यावर बेबाबाई तांब्या आणि ताट घेऊन आल्या. ताटात पुरणाची पहिली पोळी होती. बैलांसाठी काढतात ती. ती थोडीच द्यायची, बाकी साधा भात, हे त्यांनी आधीच डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. रीतीप्रमाणे जेवायला येणाऱ्याचे पाय आधी धुवायचे. नानांनी चारही पंजांवर पाणी ओतलं आणि वाकून बघत राहिले.

पंजांवरून वाहून गेलेलं पाणी नितळ होतं. लालसर म्हणावा असा एक थेंबही नाही. बोटांतले केस इकडेतिकडे कापलेले, उजव्या पंजाची अगदीच दैना, पण कातडी गुलाबी आणि धड. कापश्यानं बादलीसकट तोंड ताटात घातलं आणि पोळीचा तुकडा एका घासात गिळला.

नाना मोठ्यानं रडले. गल्लीतून बैल निघाले होते, ढोल वाजत होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“रडा आते,” बेबाबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. “पाच महिनानं साचेल शे ते.”