दोन रॅकांची पंगत

रेशमाच्या अळ्यांचं सगळं कुसाबाईला पटलं होतं, एवढं एक सोडून. आपल्या हाताने पाला वाढायचा आणि तोही दुजाभाव करून!

सुनेने, निकिताने, मात्र बजावून सांगितलं होतं. शेडमध्ये समोरासमोर दोन रॅक. उजवीकडच्या अळ्यांना शेवग्याच्या पाल्याचा अर्क फवारलेली तुती, डावीकडच्यांना नुसती तुती. उजवीकडचे कोष जास्त भरले म्हणजे अर्काचा गुण सिद्ध झाला. अर्क बाटलीत भरून निकिता सिन्नरला कामावर निघून जाई. फवारायचा आणि पाला टाकायचा तो सासूने.

या खेपेवर शेडचं नशीब ठरणार होतं. कुसाबाईच्या नवऱ्याला, केरूआबांना, अळ्यांचं कौतुक पहिल्यापासून बेताचंच. त्यात कोष हलके निघत होते. "या वेळी फरक दिसला नाय तर शेड कांद्याला," त्यांनी जाहीर करून टाकलं. शेड निकिताने हट्टाने उभी केली होती. संध्याकाळी सासू-सुना तिथेच बसत आणि गावभराच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. ते सुख कुसाबाईला कांद्याच्या ढिगापाशी मिळणार नव्हतं.

पण पंगत ती पंगत. कुसाबाई नवी नवरी असताना तिची सासू लेकींच्या भातावर तूप वाढायची आणि त्याच रांगेत बसलेल्या सुनेपाशी आली की हात आखडायची. तुपाचं काही नव्हतं, पण तो आखडलेला हात कुसाबाईला अजून दिसे. आपण पंक्तिप्रपंच करायचा नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. आता डावीकडच्या अळ्या माना वर करून बघायला लागल्या, तेव्हा तिला राहवेना. बाटलीत अर्क चिक्कार होता. तिने तो दोन्हीकडच्या पाल्यावर मारला. चांगली गोष्ट सगळ्यांना दिली म्हणून काय बिघडतं?

कोष उतरले. आबांनी दोन्हीकडचे काट्यावर ठेवले. मागच्यापेक्षा बरे भरले, पण त्याचं श्रेय आबा थंडीला देऊन मोकळे झाले.

"दोन्हीकडं सारखंच हाय. उद्या कांदा भरतो."

निकिताचा चेहरा उतरला.

"सारखंच भरणार ना," कुसाबाई म्हणाली. "दोघांनाबी मी सारखंच वाढलं."

"म्हणजे? डाव्या रॅकलाही अर्क दिला, आई?"

"एका पंगतीत दोन तऱ्हा कशा करू गं? पाप लागतं."

आबा खो खो हसले. निकिता हसली नाही. "माझं सगळं त्या फरकावर होतं," एवढं बोलून ती शेडच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. इतकं सांगून जे शास्त्र कुसाबाईच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या रडण्याने शिरलं.

"अजून एक खेप द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "चूक माझी हाय, शिक्षा पोरीला नको." आबा कुरकुरले, पण हो म्हणाले.

नव्या अळ्या आल्या तेव्हा निकिता पाला टाकायला मजुरीची बाई लावायला निघाली होती. "नाय, मीच टाकीन," कुसाबाईने ठणकावलं. तिने आपलं जुनं लुगडं दोन रॅकांच्या मधे आडवं बांधलं. आता पंगती दोन झाल्या, अशी तिने मनाची समजूत घातली. तरी डावीकडे नुसता पाला टाकताना हात जड व्हायचा तो व्हायचाच. तेवढे दिवस तिने स्वतःही कोरडीच भाकरी खाल्ली. यावर आबा पुन्हा हसले.

या वेळी उजवीकडचे कोष टपोरे निघाले, नुसते हातात घेतले तरी कळावं असे. आबांनी दोनदा वजन केलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"कांद्याला दुसरी जागा बघतो," ते म्हणाले.

निकिता धावतच सासूला सांगायला आली. कुसाबाई लुगड्याच्या पलीकडे डाव्या रॅकपाशी बसली होती. मांडीवर तिकडचे हलके कोष होते आणि डोळे भरून आले होते.

"जिंकलीस, पोरी. लय बरं वाटलं मला," ती म्हणाली. "पण पुन्हा या हातानं कुणाला कमी वाढायला सांगू नको."