मास्तरांच्या उशाची खुर्ची

मित्रांनो, घरातली खुर्ची म्हातारी झाली की तिच्यावर माणसं बसायची थांबतात आणि घडी न घातलेले कपडे बसू लागतात. मी तशीच एक जुनी वेताची खुर्ची आहे. माझी बैठक मधोमध खचली आहे आणि मागचा एक पाय कुरकुरतो. कुरकुरण्याचा स्वभाव जन्मापासूनचा. सुताराने ओलं लाकूड वापरलं, त्याला मी काय करणार?

मला एका टेलरने विकत घेतलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दुकान, मागे घर. गिऱ्हाइकांसाठी म्हणून मला आणलं, पण माझी खरी मालकीण होती मास्तरांची एकुलती एक मुलगी. शाळेतून आली की ती माझ्यावर बसून बटणं निवडायची आणि पाय हलवत राहायची.

"पाय हलवू नकोस, खुर्ची मोडेल," मास्तर म्हणायचे.

"मोडली तर तुम्ही शिवा," ती म्हणायची.

रविवारी तिघंही कडक इस्त्रीचे कपडे घालून चर्चला जायची. मास्तर गीतं मोठ्याने गायचे. त्यांची शिलाई सरळ होती, सूर मात्र नव्हता. बायको कोपराने ढोसायची, असं मुलगी घरी येऊन नक्कल करून दाखवायची. तेव्हा त्या घरात हसणं उतू जात असे.

मग मुलगी तापाने गेली. दफन करून माणसं परतली आणि त्यांनी मास्तरांना माझ्यावर बसवलं. तेवढ्यात मेहुणा पुढे आला. हा मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, चर्चमध्ये उपदेश करायचा. मनाने निर्मळ, पण तोंडाला उसंत नाही. त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, रडू नका. प्रभूला तिची गरज होती, म्हणून त्याने तिला नेलं."

मास्तरांनी मान वर केली. "आणि मला नव्हती?"

मेहुण्याकडे उत्तर नव्हतं, तरी त्याने दिलं. बराच वेळ देत राहिला. त्या दिवसानंतर मास्तर चर्चला गेले नाहीत आणि मेहुण्याशी एक शब्द बोलले नाहीत. गाणंही बंद झालं. मला आतल्या खोलीत ढकलण्यात आलं आणि माझ्यावर चिंध्यांची गाठोडी आली.

पुष्कळ वर्षं अशी गेली. मास्तरांच्या छातीने दगा दिला, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा गाठोडी उतरवून मला पुन्हा बाहेर काढलं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं. मेहुणा भेटायला आला. हातात पवित्र शास्त्र होतं. बहिणीने त्याला दारातच अडवलं.

"पुस्तक माझ्याकडे दे. आत जा आणि नुसता बस."

"ताई, वेळ थोडा आहे. त्यांनी असंच, देवाशी अबोला धरूनच जायचं का?"

"अबोला त्यांनी धरलाय, त्यांनाच सोडू दे. प्रभू येशूसुद्धा मित्राच्या थडग्याशी आधी रडला, मग बोलला. तू मात्र आल्या आल्या सुरू होतोस."

तो येऊन बसला. मित्रांनो, माणूस काय बोलतो ते लोकांना कळतं, पण काय गिळतो ते फक्त खुर्चीला कळतं. त्याच्या घशात शब्द आला की टाचा उचलल्या जायच्या आणि माझा पाय कुरकुरायचा. सुरुवातीला मी सारखी कुरकुरत होते. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. हळूहळू मेहुणा शिकला. पाणी पाजायचा, उशी सारखी करायचा, नखं कापून द्यायचा. गप्प राहणं हीसुद्धा प्रार्थनाच असते, हे त्या उपदेशकाला उशिरा का होईना, कळू लागलं होतं. एके दिवशी मास्तर भिंतीकडून त्याच्याकडे वळले. स्वयंपाकघरात बहिणीने पदर डोळ्यांना लावला.

आणि एका संध्याकाळी मास्तर बोलले.

"ती गेली ना, त्या दिवशी मी देवाला..."

एवढं बोलून ते थांबले. दम लागला असेल, शब्द सापडत नसेल, किंवा धीर होत नसेल. त्यांचे ओठ हलत होते. थोडं थांबायचं होतं, मित्रांनो. एवढे दिवस थांबला होता, आणखी थोडंच. पण मेहुण्याचे डोळे भरून आले, त्याच्या टाचा उचलल्या गेल्या. मी जीव खाऊन कुरकुरले. खुर्चीचं कोण ऐकतं?

"दाजी, तो सगळ्याची क्षमा करतो," तो त्यांचा हात धरून म्हणाला. "तुम्ही फक्त विश्वास ठेवा."

मास्तरांचे ओठ मिटले. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

"झालं तुझं?" त्यांनी विचारलं, आणि भिंतीकडे वळले.

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

"काय सांगत होते ते?" बहिणीने विचारलं.

"पूर्ण बोलले नाहीत, ताई."

"बोलले नाहीत, की तू बोलू दिलं नाहीस?"

मेहुणा गप्प बसला. आता कितीही गप्प बसला तरी त्याचा कुणाला उपयोग नव्हता. त्याने उपदेश सोडून दिला आहे. अजूनही तो येतो, जमिनीवर बसतो, माझ्यावर बसत नाही. मास्तर देवाला काय म्हणाले होते, की काय म्हणणार होते, हे त्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही, मलाही नाही. देवाला ठाऊक असेल, पण तो सांगत नाही.

मित्रांनो, माझी बैठक विणून द्या असं मी म्हणत नाही. मोडीत काढलंत तरी चालेल. पण कधीतरी तुम्हीही कुणाच्या उशाशी बसाल. त्या माणसाचं वाक्य अर्ध्यावर अडलं, तर ते तसंच अडू द्या, आणि बसून राहा. उरलेलं अर्धं तुमचं नसतं.