डावीकडं ओढणारी गाडी

रंगनाथने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, एक डोळा मिटून पाहिलं आणि चरफडला. केसभरही फरक नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच. आता बोला!

पंचवटीतल्या त्याच्या गॅरेजात ही जुनी फियाट आठवड्यात तिसऱ्यांदा आली होती. पुढचे रबरी बुश नवे टाकले, स्प्रिंगा बदलल्या, चाकांची अलाइनमेंट दोनदा केली. तरी सायखेड्याच्या कारभारीअण्णांचं एकच पालुपद, गाडी डावीकडं ओढते. रविवारी नातीचं, मनीषाचं लग्न. तिला याच गाडीतून, स्वतः चालवत सासरी पोचवायचं, हे अण्णांनी ती पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. आणि ‘गाडी होत नाही’ असं रंगनाथने चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

“चला अण्णा, कशी ओढते ती दाखवा बरं.”

अण्णा चालवायला बसले, रंगनाथ शेजारी. जरा वेग घेतला आणि गाडी खरंच डावीकडं सरकू लागली. रंगनाथचं लक्ष अण्णांच्या हातांकडं गेलं. उजवा हात स्टेअरिंगवर नुसता पडून होता. सगळा जोर डाव्याचा, आणि तो खाली ओढत होता. शर्टाची बटणंही भलत्याच काजांत. रंगनाथने गाडी मागं वळवायला सांगितली.

परत आल्यावर त्याने पाना घेतला आणि उजव्या चाकाचा कल मुद्दाम बिघडवला, गाडी उजवीकडं ओढेल इतका.

“बघा आता.”

या खेपेला गाडी सुतासारखी सरळ गेली. अण्णा खुलले.

“लय भारी! म्हनत नव्हतो, गाडीतच खोट हाय?”

चावी देऊन रंगनाथ मोकळा झाला असता. पण रविवारी मागच्या सीटवर पोर बसणार होती.

“अण्णा, गाडी मी वाकडी केलीय,” तो खाली मान घालून म्हणाला. “म्हणून तुमच्या हातात सरळ चालली. हाताला कधीपासून असं होतंय?”

अण्णांनी डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला.

“पंधरा दिस झाले. घरी कुनाला ठाव नाय.”

“आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.”

“येतो. पन लगीन हुईस्तोवर मनीषाला कळू देऊ नको, रंगनाथ.”

“मग तुम्ही गाडी चालवणार नाही, याचं तिला काय कारण सांगू?”

अण्णांनी खिशातला फोन काढून त्याच्यापुढं धरला. रंगनाथला समजलं. त्याने हात पुसले, नंबर लावला.

“मनीषा, रंगनाथकाका बोलतोय,” तो म्हणाला. “गाडी काही होत नाही गं, पोरी.”